जुन्या गाडीचं चार्जिंग: डायनमो बदलण्याआधी मीटर लावा

पद्मिनी, अ‍ॅम्बेसिडर किंवा जुनी जीप सांभाळणाऱ्याने गॅरेजमधलं एक वाक्य हमखास ऐकलेलं असतं. "साहेब, डायनमो गेला. भरून घ्या, नाहीतर सरळ अल्टरनेटर टाकू." डायनमो, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं यंत्र, नव्या तारेने भरून येतो, पैसे जातात, आणि आठ दिवसांनी सकाळी सेल्फ पुन्हा 'टक' करून गप्प बसतो. डायनमो बहुतेक वेळा बिचारा ठीकच असतो. गंजलेला अर्थ (बॅटरी आणि इंजिन बॉडीला जोडणारी जोडणी), आतून काळी पडलेली वायर, नाहीतर ढिला बेल्ट, दोष यातच कुठेतरी दडलेला असतो.

जुन्या गाडीचं चार्जिंग अवघड नाही. बॅटरी, बेल्ट, डायनमो किंवा त्याचा नवा भाऊ अल्टरनेटर, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आणि चार जाड वायरी, एवढाच पसारा. एक मल्टीमीटर आणि रविवारची सकाळ हाताशी असेल तर दोष नेमका कुठे आहे ते घरीच कळतं. फक्त खाली दिलेला क्रम मोडू नका. मधली पायरी गाळली की पुढचं माप फसवं येतं.

सुरुवात करण्याआधी

हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा. प्लस टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी अडकली तर ती क्षणात लाल होते. बॅटरी सोडवताना बॉडीला जोडलेलं टोक आधी काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं. बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

बॉडीला कोणता ध्रुव जोडलाय तेही आधीच पाहून घ्या. इंग्लिश घडणीच्या कित्येक जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. अशा गाडीला सवयीने मायनस अर्थ समजून अल्टरनेटर जोडला तर त्याचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तिथल्या तिथे उडतात.

आणि एक जुनी खोड कायमची सोडा: इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल उपसायचं आणि 'गाडी बंद पडली नाही, म्हणजे चार्जिंग आहे' असं ठरवायचं. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, टेप, जे सापडेल ते जाळतं. डायनमोच्या गाडीतही या प्रयोगातून नीट काही कळत नाही. रस्त्यावर कोणी असं करायला लागला तर त्याचा हात धरा.

पहिली पायरी: बॅटरी

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या दोन्ही खांबांवर मीटर लावा, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ ला साधारण पाऊण, १२.२ ला अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर रिकामी होत आलेली. नुकतीच चार्जरवरून काढली असेल तर आधी दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, नाहीतर वरवरचं व्होल्टेज दिसतं.

पाणी भरायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) वापरा. प्रत्येक सेलचं माप वेगळं लिहून ठेवा. पाच सेल १.२४० दाखवतायत आणि सहावा १.१८० वर असेल, तर तो सेल गेला. एवढा फरक चार्जिंगने भरून निघत नाही.

मग सेल्फ मारताना मीटर बघा. व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर भरलेली असूनही बॅटरी थकलेली आहे किंवा सेल्फच जास्त करंट ओढतोय. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे हे जास्त जाणवतं. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, दोन्ही एकाच वेळी. निफाडकडे गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर उन्हाळ्यात कशीबशी चालणारी बॅटरी नेमकी द्राक्षांच्या दिवसांत दगा देते.

बॅटरी बाद ठरली तर इथेच थांबून आधी ती बदला. थकलेल्या बॅटरीवर घेतलेली पुढची सगळी मापं वाया जातात.

दुसरी पायरी: बेल्ट

दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबा. १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. त्याहून ढिला असेल तर लोड आला की घसरतो, आणि फार ताणला तर बेअरिंग आणि वॉटर पंप खातो. बेल्ट उलटा करून आतल्या कडा बघा. काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर कितीही ताणलात तरी तो घसरणारच, बदलून टाका.

तिसरी पायरी: इंजिन चालू ठेवून

मीटर बॅटरीवर, इंजिन मिनिटाला १,५०० ते २,००० फेऱ्यांवर, दिवे बंद. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग होतंय. आता हेडलाइट आणि वायपर लावा. आकडा थोडा उतरला तरी १३ च्या वर टिकायला हवा. १२.६ वरच अडकून राहिला तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर जास्त चार्जिंग होतंय. बॅटरीचं पाणी वारंवार आटणं, बल्ब सारखे उडणं आणि उग्र वास येणं ही त्याची लक्षणं.

डायनमोच्या गाडीत आयडलिंगला लाल दिवा मिणमिणला तर घाबरू नका. लुकास या इंग्लिश कंपनीचा सी-४० डायनमो स्वतःच्या साधारण १,४५० फेऱ्यांच्या पुढे गेल्यावरच चार्ज करू लागतो. इंजिन सावकाश फिरत असताना पुलीचा हिशेब धरूनही तो तिथवर पोचत नाही. तो दोष नाही, डायनमोची जातच तशी आहे.

चौथी पायरी: वायरीत हरवलेले व्होल्ट

ही पायरी गॅरेजमध्ये जवळजवळ कोणीच करत नाही आणि दोष इथेच सापडतो, म्हणून जरा सविस्तर.

इंजिन २,००० फेऱ्यांवर, हेडलाइट चालू. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या किंवा डायनमोच्या जाड टर्मिनलवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर (पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत मायनसवर). इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढं व्होल्टेज मधल्या वायरीत खर्च होतंय. डायनमोच्या गाडीत मध्ये रेग्युलेटर असल्यामुळे थोडं जास्त चालेल. मग एक टोक डायनमोच्या लोखंडी अंगावर आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या खांबावर धरा. इथे ०.२ च्या आत हवं.

अर्थच्या बाजूने जास्त आलं तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली पट्टी शोधा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी तुटली की करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागत असेल तर दुसरं काही तपासायची गरज नाही, पट्टी बदला. बसवताना बॉडीचा रंग तारेच्या ब्रशने खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा, बोल्ट घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस लावून वर पट्टी ठेवली तर पूर्वीचीच गत होते.

प्लसच्या बाजूने जास्त आलं तर एकेक जोड वेगळा मोजा. ज्या जोडावर आकडा उडी मारेल तो दोषी. लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) कापून वायर एखादा सेंटिमीटर सोला. जुन्या वायरीचे पदर आतून काळे पडलेले दिसतील. इगतपुरी-त्र्यंबककडचा पाऊस खाल्लेल्या गाडीत ते हिरवेही असतात. अशा तांब्यावर झाळ बसत नाही आणि दाबलेला लगही धरत नाही. लाल, चमकदार तांबं दिसेपर्यंत वायर कापत मागे जा. वीतभर मागे जाऊनही काळंच दिसलं तर ती वायर संपली, नवी ओढा.

या कामात नाशिककरांची एक सोय आहे. आपलं गाव स्विचगिअरचं. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात पॅनेल वायरिंग करणारे कारागीर भरपूर आहेत. जाड वायरीचे तांब्याचे लग, म्हणजे थिंबल, पक्कडीने चेपण्यापेक्षा त्यांच्या हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशिनवर दाबून आणा. वरून हीट-श्रिंक स्लीव्ह चढवली की तो जोड गाडीपेक्षा जास्त टिकेल.

पाचवी पायरी: डायनमो

वायरी आणि अर्थ स्वच्छ आहेत, तरी चार्जिंग नाही, तर आता डायनमोकडे वळा. खालची पद्धत लुकास धाटणीच्या डायनमोची, ज्याच्यावर 'डी' हे मोठं आणि 'एफ' हे लहान टर्मिनल असतं आणि फिल्ड कॉइलचं (आतली चुंबकत्व देणारी स्थिर गुंडाळी) दुसरं टोक आतून बॉडीला जोडलेलं असतं. ते ओळखायला दोन्ही वायरी काढून 'एफ' आणि डायनमोचं अंग यांच्यात ओहम मोजा. सी-४० मध्ये सुमारे ६ ओहम येतात. दुसऱ्या बनावटीच्या डायनमोत फिल्डची जोडणी उलटी असू शकते, त्यावर ही चाचणी करू नका.

दोन्ही टर्मिनल एका छोट्या तारेने एकमेकांना जोडा. मीटरचं एक टोक त्या तारेवर, दुसरं डायनमोच्या अंगावर. इंजिन आयडलिंगवरून अगदी हळू वाढवा. व्होल्टेज न अडखळता झपाट्याने चढायला हवं. २० च्या जवळ आलं की थांबा, रेस करू नका. असं चढलं तर डायनमो चांगला आहे आणि दोष रेग्युलेटरमध्ये आहे.

काहीच आलं नाही तर कार्बन (आत घासत करंट उचलणारे ब्रश) बघा. अर्धा-एक व्होल्टच आला तर फिल्ड कॉइल गेलेली असू शकते, आणि ४-५ व्होल्टवर अडकला तर आर्मेचर, म्हणजे फिरणारी गुंडाळी. भरायला टाकायचं ते या शेवटच्या दोन प्रकारांतच.

कार्बन ७ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदला. कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, कम्युटेटर, काळा पडला असेल तर पेट्रोलच्या फडक्याने पुसा, तरी निघाला नाही तर बारीक काचकागद फिरवा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण तांब्यात रुततात आणि नवे कार्बन खातात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांच्या बरोबरीला आला असेल तर हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने तो अर्धा मिलिमीटरभर खाली कोरा. सी-४० च्या मागच्या झाकणावर मधोमध एक बारीक भोक असतं. त्यात सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडायचे असतात. वर्षानुवर्षं तिकडे कोणी पाहत नाही, बुश (आर्मेचरचं मागचं बेअरिंग) कोरडा होतो, आर्मेचर डगमगतं आणि फिल्डच्या लोखंडाला घासतं. बरेच डायनमो याच कारणाने मरतात.

दुरुस्तीनंतर डायनमोला त्याच्या ध्रुवाची आठवण करून द्यावी लागते. रेग्युलेटरकडची 'एफ'ची वायर सुटलेली असताना बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या खांबावरून एक तार 'एफ' टर्मिनलला क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी पडली की झालं.

रेग्युलेटर

गॅरेजमध्ये जिला कटआऊट म्हणतात त्या काळ्या डबीत दोन किंवा तीन कॉइल असतात. एक डायनमोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेल्यावर जोड लावते, साधारण १२.७ ते १३.३ ला. दुसरी व्होल्टेज आवरते. झाकण काढून संपर्कबिंदू बघा. जळून खडबडीत झाले असतील तर बारीक काचकागदाने साफ करा आणि स्पिरिटच्या फडक्याने पुसा. इंजिन बंद असताना जोड लावणाऱ्या कॉइलचा, म्हणजे खऱ्या कटआऊटचा, संपर्क बोटाने दाबू नका. बॅटरीचा सगळा करंट उलटा डायनमोत शिरतो आणि वायर पेटू शकते.

स्क्रू फिरवण्याचा मोह टाळा. या डब्यांचं सेटिंग बॅटरी सुटी ठेवून घ्यायचं असतं, त्यामुळे तिथे १६ व्होल्टच्या आसपासचा आकडा बरोबर असतो. हे माहीत नसलेला माणूस तो १४ वर आणतो आणि बॅटरी कायम उपाशी राहते.

अल्टरनेटर असेल तर

चावी लावल्यावर लाल दिवा लागलाच पाहिजे. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. एवढासा बल्ब उडाल्यामुळे अल्टरनेटर 'गेला' ठरलेली उदाहरणं थोडी नाहीत. मग मीटर एसीवर ठेवून चालू गाडीत बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी आला तर डायोड गेलाय. काही स्वस्त मीटर नुसत्या बॅटरीवरही एसी दाखवतात, म्हणून आधी बंद गाडीत खात्री करा.

उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल

चावी काढा, सगळं बंद करा. बॅटरीचा अर्थ सोडवून मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मध्ये जोडा. सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. जुन्या गाडीत इथे जवळपास शून्य हवं. नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम किंवा जीपीएस थोडा करंट घेतो. ५० मिलिअँपिअरच्या वर दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. १०० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास. ४० अँपिअर-तासांची बॅटरी आठवडाभरात जवळपास अर्धी. गाडी फक्त रविवारी काढणाऱ्यांचं दुखणं बहुधा हेच असतं.

आता सुधारणा: आधी हिशेब

रात्री पावसात कसारा घाटात गाडी अडकली आहे असं धरा. हेडलाइट ११० वॉट, टेल-नंबर-डॅशचे दिवे ३०, वायपर ४५, इग्निशन कॉइल ४५, पाय ब्रेकवर म्हणून ब्रेकलाइट ४२. बेरीज २७२ वॉट, म्हणजे १३.५ व्होल्टला सुमारे २० अँपिअर. सी-४० ची कमाल मजल २२ अँपिअर, तीही वेगात फिरताना. म्हणजे हायवेला जमाखर्च कसाबसा जुळतो आणि वाहतुकीत उभं असताना सगळा भार बॅटरीवर. तासभर अडकलात तर ४० ची बॅटरी निम्मी संपते. असा प्रवास तुमच्या वाट्याला येत असेल तर अल्टरनेटर बसवण्यात अर्थ आहे. गाडी फक्त गंगापूर रोडला सकाळची फेरी मारत असेल तर निरोगी डायनमो पुरेसा आहे, आणि माझ्या मते तोच शोभतो.

अल्टरनेटरच्याही आधी हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा. मूळ जोडणीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशवरच्या जुन्या स्विचमधून जातो. बल्बपाशी व्होल्टेज १० टक्के कमी पोचलं तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. हाय आणि लो बीमला एकेक रिले: रिलेच्या ३० क्रमांकाच्या टर्मिनलवर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ वरून बल्बला, ८६ ला जुन्या स्विचची वायर, ८५ अर्थला (ही जोडणी मायनस अर्थच्या गाडीची). हेडलाइटचा अर्थही नव्या वायरीने बॉडीवर घ्या. ९०/१०० वॉटचे बल्ब बसवू नका. ते रस्त्यावर बेकायदा आहेत आणि जुनी वायर त्यांनी वितळते.

अल्टरनेटर बसवताना

३५ ते ४५ अँपिअरचा, आत रेग्युलेटर असलेला लहान अल्टरनेटर पुरे. त्याहून मोठा घेऊन जुना बेल्ट आणि ब्रॅकेट उगाच छळू नका.

गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल तर आधी ती मायनस अर्थ करा: बॅटरी उलटी जोडा (खांबांची जाडी वेगळी असते, क्लॅम्प बदलावे लागतील), इग्निशन कॉइलच्या आणि अँमीटरच्या वायरींची अदलाबदल करा, जुना रेडिओ सोडवून ठेवा.

डायनमो लांबट, अल्टरनेटर आखूड. त्यामुळे ब्रॅकेटला बुश किंवा स्पेसर लेथवर करून घ्यावे लागतात. पुली बाकीच्या पुलींच्या एकाच रेषेत आली पाहिजे. सरळ पट्टी लावून बघा. पुलीची खाच बेल्टच्या रुंदीची हवी. फॅनची पाती तिरकी असतील तर फिरण्याची दिशा जुळतेय ना तेही बघा, नाहीतर अल्टरनेटर चार्ज करेल पण थंड होणार नाही.

वायर ही इथली खरी गोष्ट. तीन मीटरच्या ४ चौरस मिलिमीटर वायरीत ४० अँपिअरला अर्धा व्होल्ट हरवतो, १० चौरसच्या वायरीत ०.२. म्हणून अल्टरनेटरच्या 'बी' टर्मिनलवरून थेट बॅटरीच्या प्लसपर्यंत १० चौरसची नवी तांब्याची वायर ओढा आणि बॅटरीजवळ ६० अँपिअरचा फ्यूज घाला. जुन्या रेग्युलेटरवरच्या 'ए' आणि 'ए-१' या वायरी एकत्र जोडा, म्हणजे गाडीचा बाकीचा पुरवठा पूर्वीसारखा सुरू राहतो. 'डी'वरची बारीक वायर लाल दिव्याची, ती अल्टरनेटरच्या 'एल'ला. 'डी'ची जाड वायर आणि 'एफ'ची वायर दोन्ही टोकांना टेप लावून बांधून ठेवा, कापू नका. काळी डबी जागेवरच राहू द्या. डॅशवर अँमीटर असेल तर चार्जिंगचा मोठा करंट त्यातून नेऊ नका. तो ३० अँपिअरचा असतो, तापून पेटू शकतो. वेगळा व्होल्टमीटर लावा.

काम झाल्यावर त्र्यंबकेश्वरपर्यंत रात्रीची एक फेरी मारा, सगळे दिवे आणि वायपर लावून. व्होल्टमीटर १३.५ च्या खाली उतरता कामा नये. परत आल्यावर इंजिन बंद करून प्रत्येक नव्या जोडाला हात लावा. जो हाताला चटका देईल तो ढिला आहे, लगेच आवळा. आठवड्याने सगळे नट पुन्हा एकदा आवळा, नवं तांबं दबून बसतं.

आणि काढलेला डायनमो भंगारात देऊ नका. ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते, आणि त्यात गाडी मूळ स्वरूपात असणं महत्त्वाचं धरलं जातं. बुशात ऑइल सोडा, दोन्ही टर्मिनलना चिठ्ठ्या बांधा, मूळ ब्रॅकेट आणि बोल्ट त्याच पिशवीत घाला आणि कोरड्या जागी ठेवा. न कापलेल्या वायरी जागेवर असल्या की तो परत चढवायला अर्धा दिवस पुरतो.